लाळ, उंदीर आणि साक्षगंध

"जरा यात थुंकता का?"

पहिल्याच भेटीत एखाद्या तरुणाने मुलीला काय काय म्हणावं! भूपेंद्र मात्र हेच म्हणाला. हातात काचेची छोटी नळी, चेहरा अगदी गरीब गाईसारखा.

वर्ध्याच्या ज्या दंत महाविद्यालयात तो संशोधन करत होता, तिथे हर्षा वडिलांना घेऊन आली होती. तळेगावच्या धान्यवाल्या वासुदेवरावांची ती एकुलती एक लेक. असली मागणी तिच्याकडे आजवर कुणी केली नव्हती.

"काऊन? मले काय झालं?"

"तुमाले काई नाई झालं, म्हणूनच तं..." तो घाईघाईने म्हणाला. "तुमच्या बाबांच्या लाळेशी ताडून पाहाले निरोगी माणसाची लाळ लागते."

वासुदेवरावांचा गालाचा कॅन्सर बरा झाला होता, पण रेडिएशनच्या शेकात लाळेच्या ग्रंथी करपल्या होत्या. तोंड कायमचं कोरडंठाक. भाकरीचा घास उतरेना, चार वाक्यं बोलले की पाण्याचा घोट हवा. भूपेंद्रचं संशोधन नेमकं त्यावरच होतं. उंदराच्या ग्रंथीतल्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, काढायच्या, वाढवायच्या आणि उंदराच्याच करपलेल्या ग्रंथीत टोचायच्या. त्या रुजल्या की उंदराची लाळ पुन्हा पाझरू लागते. जोडीला तो रुग्णांची लाळही मोजून ठेवी.

हर्षाने लाजत लाजत नळी भरली. मग दर महिन्याला तपासणी, दर महिन्याला नळी. गंमत अशी की वडिलांना वर्ध्याला न्यायची घाई आता लेकीलाच जास्त होऊ लागली. त्या दिवशी वेणीला गजराही दिसे.

आणि तिची लाळ मात्र कमी कमी होत गेली.

"तब्येत बरी आहे नं तुमची?" भूपेंद्र काळजीत पडला. "चिंचेचा विचार करा. मीठ लावलेली कैरी..."

"चिंचेनं काई होत नाई. तुमी समोरून उठा, मंग पाहा."

"मी... भिंतीकडे तोंड करून बसू?"

"बसा."

तो बसला. नळी भरली. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्याचे कान लालबुंद झाले. इतका हुशार मुलगा, पण उंदरांपलीकडे त्याला जग ठाऊक नव्हतं!

दोघांचं असं गोड चाललं होतं, पण घोडं अडलं होतं वासुदेवरावांपाशी. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मुलीचा बाप नि मुलाचा बाप एकमेकांना पेढा भरवतात. तो पेढा आपल्या तोंडात पिठासारखा फिरत राहील, चारचौघांत ठसका लागेल, याची त्यांनी धास्ती घेतली होती. ते एकच पालुपद धरून बसले होते, "उंदरासारखी माही लाळ येऊ द्या, मंगच पोरीसाठी पाहुणे बोलवीन."

एका दुपारी हर्षाने भूपेंद्रला व्हरांड्यात गाठलं.

"आज बाबा त्या पेशीचं इचारतीन. येत्या दिवाळीपावतर होईल म्हणा."

"कसं म्हणू? माणसाले हे कवा देता येईल, मलेच माहीत नाई."

"मंग माह्या लग्नाचं काय? बाबा वाटच पाहात बसतीन!"

"त्याईच्याशी खोटं बोललो, तं उद्या तुमच्या घरी कोणत्या तोंडानं येऊ?"

"तुमाले बोलावून कोन राह्यलं?" ती फणकारली. डोळे मात्र भरून आले होते. याने आता खरं सांगितलं की सगळं संपलं, असंच तिला वाटलं.

आत वासुदेवरावांनी विचारलंच. "डाक्टर... मले कवा देता ते पेशीचं?"

भूपेंद्र त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसला.

"काका, उंदरात जमून राह्यलं. माणसाले वेळ आहे. किती, ते मी सांगू शकत नाई. पण वाट पाहाण्यात पोरीचं साक्षगंध अडवू नका जी."

वासुदेवराव खाली बघत राहिले. हर्षाने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"अन् पेढ्याचं?" शेवटी त्यांनी हळूच विचारलं.

"पेढा नाई तं बासुंदी. चमच्यानं, अलगद उतरते. माहे बाबा केळझरले मंदिराजवळ पेढेच विकतात, पण त्या दिवशी तेही तुमच्यासंगं बासुंदीच..."

तो थांबला. काय बोलून बसलो, ते त्याला आता कळलं. हर्षाने तोंडावर हात ठेवला. पळून जावं की इथेच नाचावं, तिला समजेना.

वासुदेवरावांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग लेकीच्या लाल झालेल्या चेहऱ्याकडे. पाण्याचा घोट घेतला, सावकाश गिळला.

"तुह्या बाबाले शुगर-बिगर तं नाई नं रे?"

"नाई जी..."

"मंग बासुंदी आमच्याकडून. येत्या रविवारी घेऊन येजो त्याईले."