भद्द वाजणारी जागा

फायबरची होडी कुजत नाही, असं विकणारा सांगतो आणि घेणारा मान डोलावतो. फायबर नाहीच कुजत. पण त्याच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये, उशीच्या खोळीत कापूस भरावा तसं लाकूड भरलेलं असतं, आणि होडीचा सगळा ताठपणा त्या लाकडाचा. एखादा स्क्रू ढिला होतो, त्याच्या भोकातून पाणी आत शिरतं, आणि मग त्या पाण्याला बाहेर यायची वाट सापडत नाही. वरून होडी लग्नाला निघाल्यासारखी चकचकीत, आणि आत चहात बुडवून विसरलेलं बिस्कीट.

हे डोळ्यांना दिसत नाही, ऐकावं लागतं. लाकडी हातोडी हलक्या हातानं मारत पुढं पुढं जायचं. चांगल्या जागी हातोडी उसळते आणि आवाज टणक येतो. कुजक्या जागी ती बसते आणि आवाज येतो भद्द.

धक्क्याजवळच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये हे काम थोरली करायची. घरातली मोठी सून म्हणून आली तेव्हा सासरच्यांनी तिला थोरली म्हणायला सुरुवात केली. आता पोटची पोरं सोडली तर अख्खा धक्का तेच म्हणत होता. शाळेशी तिचं फारसं जमलं नव्हतं. पण तिनं चांगली म्हटलेली होडी चांगली आणि वाईट म्हटलेली वाईट, यावर कुणी हुज्जत घालत नसे. घातली तर जे ऐकून घ्यावं लागे त्यापेक्षा होडी बुडालेली परवडली, असं लोक म्हणत.

धाकट्या मुलानं ती होडी आणली तेव्हा थोरलीचे गुडघे दुखत होते, त्यामुळे ती दोनच शब्द बोलली. "आणलीस शेवटी."

धाकटा शेडमध्येच मोठा झालेला. आजवर लोकांच्या होड्या दुरुस्त केल्या, आता स्वतःच्या होडीतून पलीकडच्या काठावर माणसं न्यायची, असं त्यानं मनात घेतलं होतं. होडी जुनी, पुढं छोटी केबिन असलेली, पांढरी. त्याची बायको, थोरलीची सून, हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. मांडीवरच्या तान्ह्या पोरीला थोपटत तिनं एवढंच सांगितलं होतं, की आई चांगली म्हणाल्या तर जा, नाहीतर मी तुला पाण्यावर पाऊल टाकू देणार नाही. म्हणजे सगळं थोरलीच्या गळ्यात. नाही म्हणून पोराला काठावर ठेवणं तिला सोपं होतं. पण चांगल्या होडीला वाईट म्हणायचं म्हणजे आपल्याच कानाला खोटं पाडायचं. ते तिच्यानं व्हायचं नव्हतं.

सकाळीच तिनं हातोडी घेतली. पुढून सुरुवात केली. टणक, टणक, टणक. केबिन चांगली, पोट चांगलं, कडा चांगल्या. मागं, जिथं इंजिन टांगतात त्या जाड फळीपाशी आली आणि हातोडी बसली. भद्द. तिनं खडूनं कडेकडेनं खूण करत नेली. पुरती रेघ झाल्यावर मागं सरून पाहिलं, तर एक लांबट, मधे जरा वाकलेला आकार.

"कुणीतरी आडवं झाल्यासारखं दिसतंय," धाकटा म्हणाला.

"तुला दुसरं काय सुचणार. कामाचं बघितलं की झोपच आठवते."

धाकट्यानं मास्क लावला, ग्राइंडर चालवला. फायबरची भुकटी उडाली की ती घामावर बसते आणि अंगाला अशी खाज सुटते, की माणूस आंघोळ करूनही रात्रभर अंथरुणात वळवळतो. दुपारपर्यंत वरचा पापुद्रा सुटला. दोघांनी पहार घालून तो उचकटला आणि खाली वाकून पाहिलं.

लाकूड कोरडं होतं. पिवळं, नव्यासारखं, रंध्याखालून आल्यासारखा वास येत होता. धाकट्यानं पटाशी मारली, ती आत जाईना.

 थोरलीनं हातोडी उघड्या लाकडावर मारली. टणक. परत मारली. टणक. धाकटा तिच्याकडे पाहत नव्हता, मुद्दाम पाहत नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं चांगलं लाकूड उघडायला लावलं होतं. वय झालं, तिनं मनाशी म्हटलं. गुडघ्यांचं दुखणं कानात चढलं.

उघडलेलं बंद करावं लागतंच. फायबरची चटई कापा, रेझिन कालवा, ते घट्ट व्हायच्या आत ब्रशनं चोपडा, रोलरनं फुगे काढा, सुकू द्या, घासा, परत चोपडा. वाईट लाकूड काढताना निदान मनाला बरं वाटतं. चांगलंच लाकूड पुन्हा झाकताना माणूस नुसताच थकतो.

फळी सुकली तशी थोरलीनं पुन्हा वाजवायला घेतलं. मागं सगळं टणक. मग होडीच्या मधोमध, बाकाखाली, हातोडी बसली. जिथं तिनं स्वतः आधी वाजवलं होतं आणि जिथं काही नव्हतं, तिथं. खडूची रेघ फिरवल्यावर तोच आकार निघाला. फक्त आता तो कुशीवर होता.

तिनं धाकट्याला आकाराबद्दल काही सांगितलं नाही. इथं उघड, एवढंच म्हणाली. आणि या वेळी तो कापत असताना ती बाजूला गुडघे टेकून, हातोडी मारत, कान लावून बसली. पातं रेघेपासून लांब होतं तोवर भद्द. पातं रेघेला लागलं आणि तिच्या हाताखालीच आवाज बदलला. पाणी ओसरत जावं तसा तो भद्दपणा हातोडीखालून पुढच्या बाजूला निघून गेला.

"थांब," ती म्हणाली. तो थांबला. "नको, थांबू नकोस. काप आता. काही मिळायचं नाही."

काही मिळालं नाही. लाकूड कोरडं होतं. मात्र थोरलीनं त्यावर तळहात ठेवला तर ते कोमट लागलं, नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखं. ग्राइंडरनं तापलं असेल, धाकटा म्हणाला. असेल, तीही म्हणाली.

होडी ज्या घरातून आली होती तिथली बाई त्याच आठवड्यात शेडवर आली. लाइफ जॅकेटं द्यायची राहिली होती, ती घेऊन. पन्नाशीची, नीटनेटकी, बोलायला चांगली. थोरलीनं तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. नवरा कसा आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली, बरा आहे, हल्ली बराच वेळ झोपून असतो. मग तिची नजर होडीकडे गेली. होडीच्या अंगावर खडूच्या दोन रेघा होत्या, एक मागं, एक मधे.

"आता कुठं आहे?" तिनं विचारलं.

"काय कुठं आहे?"

बाईनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "आमच्याकडे होतं तेव्हा तुमच्यासारखा कान कुणाला नव्हता," ती म्हणाली. "बरं झालं, होडी इथं आली ते." आणि उठली. थोरलीनं तिला अजून चार प्रश्न विचारले असते, आणि चारही टोचतील असे. पण बाई रस्त्याला लागली होती. तिची चाल घाईची नव्हती. ओझं उतरवून आलेल्या माणसाची होती.

त्या संध्याकाळी थोरलीनं धाकट्याला सांगितलं, होडी फोडून टाक. इंजिन काढ, बाकीची कापून भंगारात दे. का, ते तिला सांगता येईना, आणि कारण न देता बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून ती नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलली. धाकटा भांडला नाही. भांडण्याइतकाही तो उरला नव्हता. डोळे लाल, हातांची सालं निघालेली.

"आई, तू फक्त कुठं आहे ते सांग," तो म्हणाला. "काढतो मी."

आणि थोरलीला ते लागलं. होडी फोडायची म्हणजे आपल्याला सापडलं नाही, असं धक्क्यावर सांगत फिरायचं. तिनं पदर खोचला.

मग दोघांनी मिळून त्या भद्द जागेला कोंडीत धरायचं ठरवलं. धाकटा एका बाजूनं वाजवत येणार, थोरली दुसऱ्या बाजूनं. मधलं सगळं टणक करत पुढं, पुढं, केबिनपर्यंत. दुपार झाली तेव्हा ती जागा केबिनच्या अगदी टोकाला, दोन भिंती जुळतात त्या कोपऱ्यात शिरली होती. थोरलीनं खडू फिरवला. आकार लहान झाला होता. गुडघे पोटाशी घेतल्यासारखा.

धाकट्यानं त्याकडे पाहिलं आणि त्याला विनोद सुचला नाही.

"जेवून येऊ," थोरली म्हणाली. "मग उघडू."

जेवण कुणाला गोड लागलं नाही. थोरली हात धुऊन शेडच्या दारातल्या खुर्चीत टेकली, घटकाभर म्हणून, आणि तिचा डोळा लागला. जाग आली ती शांततेनं. ऊन कलतं झालं होतं. धाकटा कुठं दिसेना.

तो केबिनमध्ये होता. उघड्या फायबरवरच आडवा झाला होता, हातात पटाशी तशीच. कोपऱ्यातल्या भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन झोपला होता. कोपरा उघडायला शिरला असेल आणि थकून कलंडला असेल. त्याच्या पाठीमागून खडूची रेघ थोडी थोडी दिसत होती. ती त्याच्या अंगाला बरोबर बसत होती.

थोरलीनं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. किती दिवसांनी पोरगं असं गाढ झोपलं होतं. तिनं हातोडी घेतली आणि त्याला जाग येणार नाही अशा बेतानं, त्याच्या डोक्याजवळ भिंतीवर मारली.

टणक.

खांद्याजवळ. टणक. पायाजवळ. टणक. बाहेर येऊन तिनं सगळी होडी वाजवली, मागून पुढं आणि पुढून मागं. सगळी होडी एका आवाजात बोलत होती. अशी होडी तिनं उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती.

ती स्टुलावर बसली. पाणी सुकलं असेल, तिनं ठरवलं. इतके दिवस उघडून उघडून हवा लागली, ऊन लागलं, सुकलं असेल. असं होत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण गुडघे दुखत होते, अंगाला खाज होती, आणि कान खोटं सांगत नव्हता.

धाकट्याला उठवायला बराच वेळ लागला. उठल्यावर तो तिच्याकडे ओळख पटत नसल्यासारखा बघत राहिला. मग म्हणाला, "झोप काही पुरी होत नाही गं."

"चांगली आहे," थोरली म्हणाली. "तुझी होडी. चांगली आहे."

होडी पाण्यात उतरवली त्या दिवशी सून आली, पोरीला कडेवर घेऊन. शेजारच्या शेडवालेही आले, कारण थोरलीनं इतके दिवस एका होडीवर घालवले याची धक्क्यावर बरीच चर्चा होती. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. धाकट्यानं एक मोठा फेरा मारला, होडी वळणावर जराही कुरकुरली नाही. सुनेचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला. आई, तुम्ही म्हणालात म्हणून, ती म्हणाली. थोरलीनं उगीच मान हलवली. तिला आता घरी जाऊन पडायचं होतं.

धाकटा धक्क्यावर आला. हसत होता, पण पापण्या जड होत्या. त्यानं बायकोकडून पोरीला घेतलं, खांद्यावर टाकलं आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. इंजिनाच्या आवाजानं पोर आधीच पेंगुळली होती.

थोरली त्याच्या मागं गेली. तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

भद्द.

तिनं हात तसाच ठेवला. शर्टाखाली पाठ कोमट होती. तिनं दोन बोटांनी हळूच, बाजूला, पुन्हा वाजवलं.

"काय गं?" धाकट्यानं न वळता विचारलं.

"पोरीला दे इकडं."

"असू दे. आत्ताच झोपलीये."

"दे म्हणते ना. झोपवू नकोस तिला."

तो हसला. झोपू दे बिचारीला, म्हणाला, आणि पोरीचं डोकं खांद्यावर नीट टेकवून घेतलं. थोरलीची बोटं त्याच्या पाठीवरच होती. त्यांच्याखालून तो भद्दपणा हळूहळू ओसरला, पाठ टणक होत गेली, आणि ते वर सरकलं, खांद्याच्या बाजूला, पोरीनं गाल टेकला होता तिथं.