आग्वा म्हणजे पाणी

मानवजातीचा उद्धार परभाषेच्या अभ्यासानेच होणार, असे मी माझ्या साप्ताहिकात वीस वर्षे ठणकावून लिहिले. वर्गणीदार एकशे बारा होते, आणि शेजारच्या चनमल्लप्पांकडे मला अजून कानडीत चिमूटभर मीठ मागता येत नाही.

१९३४ साली सोलापुरातल्या एका गिरणीमालकांना अर्जेंटिनात थंडी पडते असा शोध लागला. तिथे चादरी खपवायला माणूस धाडायचा ठरला. अट एवढीच, की त्याला स्पॅनिश यावे. गिरणीतला मॅट्रिक झालेला कारकून जोतीराम पुढे सरसावला. त्याची आई गोजरबाई तीस वर्षे त्याच गिरणीत सुताच्या कांड्या भरत होती. तिला एकदाचे घरी बसवायचे, एवढाच त्याचा ध्यास.

त्याने मिळवलेल्या स्पॅनिशच्या पुस्तकातली पहिलीच सूचना: आरशासमोर बसा, स्वतःचे ओठ पाहा. माणसाएवढा आरसा गल्लीत माझ्याकडेच होता, बुडालेल्या नाटक कंपनीच्या लिलावातला. तेव्हा रोज सकाळी माझ्या ओसरीवर पाट मांडून जोतीराम तोंड वेंगाडू लागला.

भाषा तरी काय! 'ह' लिहायचा आणि उच्चारायचा नाही. 'र' असा घोळवायचा की बिघडलेला माग सुरू झाला असे वाटावे. 'आग्वा' म्हणजे पाणी, 'पान' म्हणजे भाकरी. अशा लोकांनी थंडीत कुडकुडलेलेच बरे, असे मी त्याला सांगितले.

गोजरबाई दुपारपाळीच्या आधी येऊन टेके. मागांच्या खडखडाटात कान कामाचे नसतात; गिरणीतल्या बाया एकमेकींचे ओठ वाचून गप्पा मारतात. एके दिवशी ती म्हणाली, "अण्णा, आरशातला ह्येच्यासारकं बोलत न्हाय की."

"मग काय बोलतो?"

"ह्यो आग्वा म्हनला. त्यो पानी म्हनला."

मी हसलो. मग पाहिले. 'आग्वा' म्हणताना ओठ मिटत नाहीत. आरशातले मिटले.

नाटक कंपनीची काच, दुसऱ्याचे संवाद म्हणायची तिला खोड असणार, असे म्हणून मी तो विषय संपवला.

आठवड्याने जोतीरामला तहान लागली आणि शब्दच सापडेना. तांब्याकडे बोट दाखवून तो घाम पुसत राहिला. मग भाकरी गेली. मग घर गेले. स्पॅनिशमध्ये जे येई, ते मराठीतून पुसले जाई.

"आरसा झाका, अण्णा," गोजरबाई म्हणाली.

"सोमवारी परीक्षा हाय, आये," जोतीराम म्हणाला. "मंग झाकू."

शेवटचा धडा नात्यांचा होता; पहिलाच शब्द आईचा.

"माद्रे," जोतीराम म्हणाला. ओठ मिटून उघडले. आरशातले मिटलेच नाहीत, नुसते उघडले.

"काय रं?" गोजरबाई सवयीने बोलून गेली, आणि तिने तोंडावर पदर धरला. तिने ओ दिली होती ती आरशाला.

जोतीराम परीक्षा पास झाला. स्टेशनवर मुंबईची गाडी लागली तेव्हा ती त्याचा हात धरून म्हणाली, "जोत्या, एकदा आये म्हन की."

परक्या बाईला करावा तसा त्याने तिला नमस्कार केला.

गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर आलो, तर गोजरबाई आरशासमोर बसलेली. शेजारी रिकामा पाट. पाटापुढे ताटलीत एक भाकरी.

"पत्र येईल हो त्याचे," मी म्हणालो.

"पत्र कशाला? हितंच हाय की त्यो."

तिचे डोळे आरशातल्या कुणाच्या तरी ओठांवर होते.

मी ताटलीकडे पाहिले. भाकरी अख्खी होती.

मग आरशात पाहिले, खालून वर. ताटली. भाकरी अर्धी झालेली. त्याच्या वर पाहिले नाही.

"अण्णा," नजर न हलवता गोजरबाई म्हणाली, "चिमूटभर मीठ द्या की. आळणी लागतीया म्हनतोय."