आईची कूस

रात्री सारखं लघवीला उठावं लागणं हा काही लोकांना सांगत फिरायचा आजार नाही. मी तो बरेच दिवस हसण्यावारी नेला. डोळा लागतोय न लागतोय तोच उठायचं, हे पहाटेपर्यंत चालायचं. बायको म्हणायची, तुमची गादी आता बाथरूममध्येच घालते.

पण मी क्रेन चालवतो. दिवसभर उंचावरच्या केबिनमध्ये बसून काम. एका दुपारी लीव्हर धरल्या धरल्या मला डुलकी लागली आणि लोखंडी तुळया खालच्या माणसांच्या डोक्यावरून झुलत गेल्या. कोणाला लागलं नाही. सुपरवायझर शिडी चढून वर आला. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "झोपेचं काहीतरी बघ, नाहीतर कायमचा खाली उतर."

डॉक्टरीणबाईंनी साखर, प्रोस्टेट सगळं तपासलं आणि शेवटी माझ्या सुजलेल्या घोट्यांवर बोट दाबून बघितलं. दिवसभर बसून पायांत पाणी साठतं, आडवं झालं की ते अंगात परत चढतं आणि रात्रभर उठवतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दिवसा घट्ट पायमोजे, कामावरून आल्यावर पाय उशांवर उंच ठेवून पडायचं, जेवणात मीठ कमी, संध्याकाळनंतर चहा बंद. एवढ्याने माणूस बरा होतो यावर माझा विश्वास नव्हता.

अडचण होती ती आईची. पलीकडच्या खोलीत ती अंथरुणाला खिळलेली. तिची कूस रात्रीतूनही बदलावी लागते, नाहीतर अंगाला जखमा होतात. कमरेखाली एक झालीच होती आणि काही केल्या भरत नव्हती. तिला वळवण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं होतं, कारण उठायचो मीच. जाता जाता तिला वळवायचं, गुडघ्यांमध्ये उशी सरकवायची आणि पळायचं. आता मी रात्रभर झोपलो तर तिचं काय? बायकोने आणि मी पाळ्या ठरवल्या, गजर लावला.

या उपायांचा गुण आला त्या रात्री पाळी माझी होती. मी ढाराढूर झोपलो. जाग आली तेव्हा खिडकीत ऊन आलेलं. धावत गेलो तर आई भिंतीकडे तोंड करून शांत झोपली होती, गुडघ्यांमध्ये उशी. बायकोने निभावून नेलं असं समजून मी तिच्यासाठी चहा केला, तर ती म्हणाली, रात्री आईंचं केलंत ते केलंत, वर चहासुद्धा?

पुढे हेच रोज होऊ लागलं. पाळी कोणाचीही असो, आई सकाळी वळलेली असायची.

मी झोपेत चालत असणार. दुसरं काय असणार? झोपताना टॉवेलने घोटा पलंगाच्या पायाला बांधला. तुळयांना मारतात तीच गाठ. ती जागेपणीसुद्धा सहज सुटत नाही.

सकाळी गाठ जशीच्या तशी होती. आई वळलेली होती.

शेवटी मी तिलाच विचारलं, रात्री कोण येतं.

"तूच की," ती म्हणाली. "हात तेवढे गार असतात तुझे. पण हल्ली घाई करत नाहीस रे. बसतोस जरा वेळ."

मला ते लागलं. इतके दिवस मी तिला वळवत होतो, पण तिच्यापाशी बसलो कधीच नव्हतो.

त्या रात्री मी मुद्दाम जागा राहिलो. कोणी आलं नाही. आईला मीच वळवलं आणि उजाडेपर्यंत तिच्यापाशी बसलो. कामावर मात्र डोळे मिटू लागले, तेव्हा रात्री पुन्हा झोपू लागलो.

परवा पट्टी बदलायला नर्सबाई आल्या. जखम भरली होती. एवढी नीट काळजी फार थोड्या घरांत पाहिली, असं त्या म्हणाल्या. मला रडू आलं. कामावरही माझं नाव आता मोठ्या क्रेनवर लागलं आहे.

नर्सबाई गेल्यावर मी बायकोला टॉवेलच्या गाठीचं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला नवल वाटलं नाही.

"मला माहीत आहे. एकदा जागीच होते मी. आईंचं आटपलं की तो इथे येऊन झोपतो."

"इथे कुठे?"

"आपल्या दोघांच्या मध्ये. मी जरा सरकते."

तिने हातातली घडी नीट केली.

"आधी फार गार लागायचा," ती म्हणाली. "आता नाही लागत."