निळ्या दोऱ्याची गाठ

वाचनमंडळात टाळकी चारच, पण नियम असा कडक की विचारू नका. बक्षीस मिळालेल्या कादंबरीची एकच प्रत महिनाभर घरोघर फिरायची, मात्र शेवटचं प्रकरण कुणी एकट्यानं वाचायचं नाही. ते महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, वाचनालयाच्या माडीवर, सगळ्यांनी मिळून ऐकायचं. मोह कुणाला सुटलाय! म्हणून सिस्टर त्या प्रकरणाची पानं आधीच निळ्या दोऱ्यानं बांधून टाकत. उभा जन्म ऑपरेशन थिएटरात काढलेली नर्स ती. त्यांची ती तिहेरी गाठ सोडवून पुन्हा तशीच मारणं अकरा वर्षांत कुणाला जमलं नव्हतं. गाठ बसली की उरलेला दोरा त्या दातांनी तोडत आणि रीळ पर्समध्ये टाकत.

त्या शनिवारी ग्रंथपाल बाई तासभर आधीच, दुपारी तीनला, माडी चढल्या. सांगायला काम नेहमीचंच, खोली झाडायची आणि खुर्च्या मांडायच्या. आभाळ भरून आलं होतं आणि वीज सकाळपासून गेलेली. बाईंनी टेबलावर दिवा लावला, सवयीनं चार खुर्च्या मांडल्या आणि चौथीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

सिस्टर गुरुवारी पहाटे गेल्या होत्या.

मंगळवारी बाई त्यांना भेटायला वॉर्डात गेल्या, तेव्हा कादंबरी पिशवीतच होती. सिस्टरांचा चेहरा एवढासा झाला होता, पण नजर सरळ पिशवीवर.

"आणलंस ना गं पोरी? शेवटचं वाचून दाखव की."

"वा! नियम तुमचा आणि मोडू मी?" बाई हसत म्हणाल्या होत्या. "शनिवारी खुर्चीत बसवून नेते तुम्हाला. सगळे मिळून ऐकू."

सिस्टरांनी क्षणभर डोळे मिटले. "खरंय. नियम म्हणजे नियम," त्या म्हणाल्या, आणि उशीखालचं रीळ मुठीत धरून कुशीवर वळल्या.

दहा पानं होती. अर्ध्या तासाचं काम. गुरुवारपासून तो अर्धा तास बाईंच्या डोक्यातून जात नव्हता. त्यातच सिस्टरांच्या मुलीचा फोन आला होता. "मावशी, आईच्या मुठीत ते रीळ तसंच राहिलं हो. बोटं उघडेनात. शेवटी तिच्याबरोबरच जाऊ दिलं."

म्हणूनच बाई तासभर आधी आल्या होत्या. त्यांनी जिन्याखालच्या दाराला आतून कडी घातली, वर येऊन कात्रीनं निळा दोरा कापला, तो स्वेटरच्या खिशात ठेवला आणि रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बसल्या.

"सिस्टर, चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आता ऐका."

त्या वाचू लागल्या. दुसऱ्या पानावर कुठूनसा स्पिरिटचा वास आला. पुस्तकाला हात लावण्याआधी सिस्टर कापसाच्या बोळ्यानं बोटं पुसत, तोच तो वास. बाईंनी मान वर केली नाही. तिसऱ्या पानावर समोरच्या खुर्चीचा वेत करकरला... कुणीतरी पुढं सरकून बसावं तसा. बाई वाचत राहिल्या. भीती वाटत होती, पण थांबायची जास्त वाटत होती.

चौथ्या पानाच्या मध्यावर मात्र वास एकदम विरला. ऐकणारा उठून गेला की वाचणाऱ्याला कळतंच. बाईंचा आवाज आपोआप बंद पडला.

तेवढ्यात खालून घड्याळजींची हाक आली. "बाई! अहो, कडी काढा! आम्ही काय दारातच वाचन उरकायचं?"

पुस्तक उघडंच ठेवून बाई खाली गेल्या. मंडळातले उरलेले दोघंच, घड्याळजी आणि शिंपीणकाकू. घड्याळजींच्या हातात पुढच्या महिन्याच्या कादंबरीचं पार्सल. आजवर एकाही परीक्षक मंडळाचा निकाल त्यांना पटलेला नव्हता. माडीवर येताच त्यांनी पार्सलचा कागद फाडला, कोरं पुस्तक उलटसुलट करून "याला कुणी दिलं बक्षीस!" म्हणून नाक मुरडलं आणि टेबलावर जागा नाही म्हणून ते चौथ्या खुर्चीवर ठेवलं.

शिंपीणकाकू मात्र टेबलापाशी थबकल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले.

"पाळलात हो नियम, बाई," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, सिस्टरांच्या मागं तुम्ही एकट्याच वाचून टाकाल."

टेबलावर पुस्तक मिटलेलं होतं. शेवटच्या प्रकरणाभोवती निळा दोरा होता आणि त्यावर ती तिहेरी गाठ.

बाईंनी खिशात हात घातला. मघाशी कापलेला दोरा बोटांना लागला. 

त्यांनी पुन्हा कात्री घेतली आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. घड्याळजी एकदाही मध्ये बोलले नाहीत. शेवटचं वाक्य संपलं तेव्हा स्पिरिटचा वास इतका दाट झाला होता की काकूंनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाल्या, "खाली कुणाला लागलंबिगलं का हो?" बाईंना रडू फुटलं. पण त्या रडण्यात गुरुवारपासूनची धग नव्हती. आपलं माणूस शेवटपर्यंत बसून ऐकून गेलं, एवढं त्यांना कळलं होतं.

दोघं जिना उतरले. बाई दिवा मालवण्याआधी नवं पुस्तक उचलायला चौथ्या खुर्चीपाशी आल्या, आणि हात तिथंच राहिला.

कोऱ्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण बांधलेलं होतं. निळा दोरा, तिहेरी गाठ.

दोरा या वेळी दातांनी तोडलेला नव्हता. त्याचं टोक लांब सुटलेलं होतं. खुर्चीच्या कडेवरून खाली, फरशीवरून, भिंतीजवळच्या कपाटाखालच्या अंधारात गेलेलं.

कात्री हाताशीच होती. त्यांनी ती उचलली... आणि हळूच टेबलावर ठेवली.

"पुढच्या महिन्यात," त्या कुजबुजल्या. "सगळे मिळून, सिस्टर."

फरशीवरचा दोरा सावकाश ताठ झाला. कपाटाखाली रीळ फिरल्याचा बारीक आवाज आला, आणि पुस्तक खुर्चीवर बोटभर कपाटाकडं सरकलं.