वढ्याच्या पुलापतूर

चूक माझीच होती. दुसऱ्या कुणी केली असती, तर मी त्याला गॅरेजात पुन्हा पाऊल ठेवू दिलं नसतं.

१९६८च्या मार्चमध्ये मानसिंगच्या जीपचं इंजिन बदलायचं काम भोरला माझ्याकडे आलं. ही जीप भोरहून हिर्डोशीवरून वरंधा घाटात प्रवासी नेत असे. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेलं इंजिन चांगलं होतं. फक्त त्याचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा, पार झिजलेला होता. गॅरेजामागे रखमाजीची जीप भंगारात पडली होती. तिचा दांडा काढून मी बसवला.

रखमाजी हिर्डोशीचा, माझा जिवाभावाचा दोस्त. चार वर्षांपूर्वी त्याची जीप घाटात रस्त्याच्या कडेला उभी सापडली. ब्रेक ओढलेला, इंजिन चालू आणि रखमाजीचा पत्ता नाही. लोकांनी दरी पालथी घातली, पण चप्पलसुद्धा मिळाली नाही. ती जीप पुढे चालवायला कुणी धजेना, म्हणून माझ्याकडे येऊन पडली. त्याची बायको साळूबाई मात्र रोज कुंकू लावत होती.

सगळं बंद करून हात धुताना माझी ट्यूब पेटली. रखमाजीच्या इंजिनात दांडा साखळीवर फिरायचा, या इंजिनात दात्यांच्या चाकावर. साखळीवर तो एका दिशेला फिरतो, दात्यांवर दुसऱ्या. म्हणजे हा दांडा आता उलटा फिरणार, व्हॉल्व्ह भलत्याच वेळी उघडणार आणि इंजिन चालू होणं शक्य नाही. पुन्हा खोलायला मी पाने काढतोय, तोवर मानसिंगनं स्टार्टर दाबला.

इंजिन चालू झालं. वर रखमाजीच्या जीपचा तोच आवाज, चार ठोक्यांनंतर जरा थबकणारा. वीस वर्षं मी इंजिनं उघडतोय. पण ते कसं चालू झालं, हे मला आजही सांगता येणार नाही.

योग्य दांडा आठवडाभरात पुण्याहून आला आणि कपाटात पडून राहिला. त्याला कारण साळूबाई. आवाज ऐकून ती तिसऱ्याच दिवशी त्या जीपमध्ये बसून भोरला आली होती. गाडी कोण चालवतं, तिनं विचारलं. मी तिला दांड्याची सगळी हकिकत सांगितली.

"उलटा फिरतोय म्हंजे, गेलेलं माघारी येतंय का भावजी?"

मी हसण्यावारी नेलं. खरं सांगतो, ती पुन्हा यावी म्हणूनच मी दांडा काढला नाही. मला ती हवी होती. रखमाजी होता तेव्हाही हवी होती. तिचा भाऊ गेनू तिचा माझ्याशी पाट लावायला तयार होता. तीच अडून बसली होती.

ती रोज जीपनं घाटात जायला लागली. उतरताना गाडी जड होते, अशी मानसिंगनं तक्रार केली. रखमाजीची जीप सापडली तिथं एक माणूस बसल्यासारखी दबते आणि पहिल्या वळणाला हलकी होते. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या वळणाला हलकी झाली. मी टायर पाहिले, ब्रेक पाहिले, स्प्रिंगा पाहिल्या. काही सापडेना, तेव्हा एके दिवशी स्वतःच मागं बसलो.

त्या जागी जीप दबली. साळूबाईनं पदर आवरून शेजारी जागा केली.

घाट उतरून हिर्डोशीच्या अलीकडे, ओढ्यावरच्या पुलाशी जीप हलकी झाली. तिथून रखमाजीचं घर दोनशे पावलांवर.

सकाळी मी कपाटातला नवा दांडा काढून बसलो होतो, तेवढ्यात ती आली.

"आजच्या दिवस ऱ्हाऊ द्या, भावजी. वढ्याच्या पुलापतूर आल्यात. आज घरला येत्याल."

"वैनी, पार्ट चुकीचा हाय. इंजिन जाईल."

खोटं बोललो. इतकं गोड चालणारं इंजिन माझ्या हाताखालून कधी गेलं नव्हतं.

मी जुना दांडा काढेपर्यंत ती बाकावर बसून माझ्या हातांकडे बघत होती. नव्या दांड्यावर इंजिन चारचौघांसारखं वाजलं. ती उठून गेली.

त्या दिवशी जीप घाटातून रिकामीच उतरली.

दिवाळीनंतर आमचा पाट लागला. त्याला सहा वर्षं झाली. साळू माझं सगळं करते. मी नशीबवान, असं लोक म्हणतात.

रखमाजीच्या घरात आता गेनू राहतो. त्याच्याकडे जाताना साळू एसटीचं पुढचं तिकीट काढते, गाव ओलांडून पुलावर उतरते आणि माघारी चालत येते. शेजारी एका माणसाची जागा सोडून चालते. मी मागून. पहिल्या वर्षी ती पिंपळापाशी थांबली, मागं वळून बघितलं आणि पुढे माझ्याबरोबर आली. गेल्या वर्षी शाळेपाशी थांबली.

या संक्रांतीला कुठंच थांबली नाही.

गेनूच्या बायकोनं दारात पाय धुवायला पाण्याचे दोन तांबे ठेवले होते. एक साळूनं उचलला. मी दुसऱ्याला हात घातला.

तो रिकामा होता आणि शेजारचा दगड ओला होता.