उष्टी चव

सकाळच्या चहाआधी वाइन चाखायची, याचं रेवती पाटणकरला आता काही वाटत नव्हतं; पोटापाण्याचा उद्योगच तो होता. पण ॲडलेडजवळच्या त्या वायनरीत पहिला घोट तिचा नसायचा. तो ‘रसज्ञ’ घ्यायचा. तिच्या नवऱ्याने, अभिरामने, घडवलेली ही कृत्रिम जीभ. काचेच्या नळीतून थेंब ओढायची, चव सांगायची आणि पुढच्या थेंबाआधी स्वतःला खळखळून धुवायची. हिरवा दिवा लागला की मालकीण ग्रेटा बाटल्या भरायला लावायची. यंत्र रुसत नाही आणि पगारवाढ मागत नाही; ग्रेटाच्या श्रद्धेचं मूळ तिथे होतं.

आजची वाइन तीन द्राक्षांची, संमिश्र. शिराझने तिला अंग दिलं होतं, पिकल्या जांभळाचं आणि मिऱ्याचं. ग्रनाशने सुगंध दिला. मातारोने ओल्या मातीचा गंभीरपणा. तीन भावंडांनी एकमेकांची उणीदुणी झाकावीत, तसं ते जमलं होतं. मिश्रण रेवतीचं होतं, आणि बाटलीवर प्रथमच तिची सही छापली जाणार होती.

हिरवा दिवा लागला. ग्रेटाने घोट घेऊन डोळे मिटले. “सुरेख. भरायला घ्या.”

रेवतीनेही घोट घेतला. चाखणारे थुंकतात, तिने आज गिळला. जांभूळ आलं, मिरी आली, आणि थोड्या वेळाने जिभेच्या मुळाशी विझल्या चुलीची राख उतरली.

“थांबवा. हिच्यात धूर आहे.”

“ग्रनाशच्या मळ्याजवळ डोंगरावर वणवा लागला होता, ते मलाही माहीत आहे,” ग्रेटा म्हणाली. “म्हणून तर रसज्ञकडून ग्रनाश पुन्हा तपासून घेतलं. मला काही लागत नाही. सहीची धास्ती घेतलीस की काय?”

अभिराम मराठीत पुटपुटला, “रेवा, हिच्यासमोर माझी शोभा करू नकोस. यंत्र खोटं बोलत नाही.”

“खोटं बोलायला तोंड लागतं. तू नुसती जीभ केलीस. तिला लाळ दिलीस का?”

“लाळ?” देवघरात कुणी चपला घालून शिरावं, तसा त्याचा चेहरा झाला. “दर थेंबानंतर धुतो मी तिला. एकाचं उष्टं दुसऱ्याला कशाला?”

“वा. सोवळ्यातली जीभ. सासूबाई धन्य होतील.”

ग्रेटाला मराठी येत नव्हतं, पण नवराबायकोचं भांडण कुठल्याही भाषेत समजतं. “काय चाललंय?”

अभिराम सांगू लागला, आणि सांगता सांगता त्याचा आवाज उतरला. “वेल धूर शोषते आणि साखरेला बांधून कोंडून ठेवते. कोंडलेल्या धुराला ना वास, ना चव. तोंडात लाळेने ते कुलूप उघडतं. माझ्या यंत्राला... लाळ नाही.”

त्याने कप पुढे केला. रेवती थुंकली. रसज्ञने ती लाळ वाइनमध्ये कालवली, वाट पाहिली आणि लाल दिवा लावला.

ग्रेटाने भरणी थांबवण्याची खूण केली. मग दुसरा कप उचलला. “आता माझी.”

दिवा हिरवा. तिच्या लाळेने कुलूप उघडलंच नव्हतं.

“म्हणजे मी खोटं बोलत नव्हते,” ग्रेटा म्हणाली.

“मीही नाही,” रेवती म्हणाली.

ग्रेटाचं डोकं चालू लागलं होतं. डोळ्यांवरून कळत होतं. “मग टाकून कशाला द्यायची? ज्यांच्या लाळेत ही गोड लागेल, त्यांनाच विकू. गिऱ्हाइकाने आधी लाळ तपासायची पट्टी चाटायची, मग बाटली न्यायची.”

“आणि बाटली घरी चारजणांत उघडली तर?” रेवतीने विचारलं. “काहींना राख लागेल, एवढं छापणार असाल तर सही करते. नाहीतर माझं नाव काढा.”

“राख असं छापलं तर कोण घेईल?”

“सगळे घेतील. घरात राख कुणाच्या तोंडी येते, ते बघायला.”

ग्रेटा हसली नाही. पण छपाईवाल्याला फोन लावत बाहेर गेली.

अभिरामने मग आपली लाळ घातली. हिरवा. त्याने पेला उचलला, हळूहळू घोट घेतला. त्याला जांभूळ लागलं, मिरी लागली, आणि पुढे काहीच नाही.

“रेवा,” तो म्हणाला, “इतकी वर्षं आपण दोघं एकाच आमटीला छान म्हणतोय. ती एकच होती का गं?”