शिरटोकचे नारळ

एक भिंग घे. नसेल तर आजोबांचा वाचायचा चष्मा चालेल. दुपारच्या उन्हात ते पांढऱ्या कागदावर धर आणि सावकाश वर-खाली कर. मध्ये एक झगझगीत ठिपका येईल. तिथे कागद आधी पिवळा पडेल, मग काळा, आणि मग धूर निघेल. सगळी मुलं त्या ठिपक्याकडेच बघतात. तू आज जरा बाजूला बघ. ठिपक्याभोवती भिंगाएवढी काळपट सावली पडली आहे. भिंगाने नवं ऊन तयार केलेलं नाही. सावलीतलं ऊन उचलून त्याने ठिपक्यावर नेऊन टाकलं आहे, एवढंच.

आता कल्पना कर, तो कागद म्हणजे कोकणचा किनारा, ऊन म्हणजे समुद्राच्या लाटा, आणि सावलीत सात गावं राहतात.

त्यातल्या मांडवतळ गावात मालन तांडेल राहायची. अकरा वर्षांची. तिच्या गावचा समुद्र तळ्यासारखा होता. भर पावसाळ्यातही पाणी पायरीला शिवून मागे फिरायचं. भिऊन राहायचं कारणच उरलं नव्हतं, त्यामुळे घरं दरवर्षी पुढे सरकत होती. पहिल्या ओळीतल्या बायका ओट्यावर बसून भांडी समुद्रात विसळत. मालनचं घर त्याच ओळीत होतं, आणि त्याच ओट्यावर तिचे आजोबा दिवसभर बसून असत. त्यांच्या पायांतलं बळ केव्हाच गेलं होतं.

ही सगळी किमया लाटभिंगाची. समुद्रात दूरवर, तळाशी, मोठमोठ्या फळ्या बसवल्या होत्या. हव्या तेव्हा उभ्या करता येत, हव्या तेव्हा आडव्या पाडता येत. लाट उथळ पाण्यात शिरली की मंदावते. हातात हात धरून चाललेली मुलांची रांग आठव. एका टोकाची मुलं चिखलात शिरली तर ती मागे पडतात आणि अख्खी रांग चिखलाकडे वळते. फळ्या उभ्या केल्या की समुद्राचा तळच वर आल्यासारखा होतो. दोन्ही अंगांच्या लाटा वळतात आणि एका जागी गोळा होतात. त्या जागेला नाभी म्हणतात. नाभीवर एक जनित्र तरंगत असे. लाटांनी ते हलायचं आणि सात गावांना वीज मिळायची.

वादळात मात्र जनित्र मोडू नये म्हणून ते पाण्याखाली बुडवून ठेवत. मग गोळा झालेल्या लाटा अडवायला कुणी नसे. सात गावांच्या वाट्याचा मार एकवटून सरळ मागच्या किनाऱ्यावर जाई. त्या किनाऱ्याचं नाव शिरटोक.

भूगोलाच्या पुस्तकात लिहिलं होतं, ‘शिरटोक निर्मनुष्य आहे.’ मालनला ते परीक्षेत आलं होतं. तिने बरोबर लिहिलं होतं.

नारळी पौर्णिमेला सातही गावं समुद्राला नारळ देत. पण या समुद्रात सोडलेली वस्तू लाटांच्या रेट्याने फिरत फिरत शेवटी नाभीकडेच जाते. पौर्णिमेनंतर आठवड्याभरात शिरटोकच्या बाजूने, जोडहोडीवरून खाडी ओलांडून एक टेम्पो येई आणि भिजलेल्या नारळांचा ढीग देवळापुढे ओतून जाई. टेम्पो दिसला की मोठी माणसं मुलांना घरात ओढून दारं लावून घेत.

त्या वर्षी मालन आत गेली नाही.

टेम्पोतून एक वाळकुडा माणूस उतरला. गाव त्याला धाकू म्हणत असे, आणि त्यापुढे एक शिवी जोडत असे. त्याने मागचं फळकूट पाडलं. नारळ गडगडले.

“घेवा,” तो म्हणाला. “तुमच्या देवान परत धाडल्यान.”

मालनचे वडील बाबल तांडेल गावचे अध्यक्ष होते. ते देवळाच्या पायरीवरून हलले नाहीत. “थंयच टाक नि वाटेक लाग. फळ्यांचे दोर कापणारे चोर तुम्ही.”

“एकदाच कापले रे, बाबल. तू दर वादळाक माझा घर कापतस.”

“मग कित्याक रवतस थंय?”

“खंय जाव? तुझ्या गावात?”

बाबल थुंकले. तेच उत्तर होतं.

धाकूने ढिगातला एक नारळ उचलला. त्यावर पिवळा मासा रंगवलेला होता. “ह्यो कोणाचो? माझ्या चुलीफुडे येवन पडलो.”

“माझा,” मालन म्हणाली.

तो हसला नाही. त्याने नारळ तिच्या पायाशी फेकला. “फुडच्या वर्षी मासो नीट काढ. शेपटी नाय तेका.”

घरी आल्यावर तिने आईला विचारलं, “आई, जिथे कोण राहत नाही तिथे चूल कशी?”

“जेव गप,” आई म्हणाली.

दिवाळी उलटली आणि वादळ आलं. आभाळ तांब्याच्या भांड्यासारखं झालं. दुपारी किनारा विभागाच्या शास्त्रज्ञ डॉ. शबनम मुकादम एक यंत्र घेऊन शाळेखालच्या सभामंडपात आल्या. यंत्राला काचेची पाटी होती, तळहात मावेल एवढी.

आता त्या काळच्या कायद्याची एक गंमत सांगायला हवी. समुद्र पुढच्या पिढीचा आहे, असं कायदा म्हणत असे. म्हणून वादळात फळ्या उभ्या ठेवायच्या तर प्रत्येक गावातल्या एका मुलाने होकाराचा हात ठेवायचा. सातही हात हवेत. एक जरी कमी पडला तरी संध्याकाळी फळ्या आपोआप आडव्या होत. आणखी एक कलम होतं. मुलाने प्रश्न विचारला तर अधिकाऱ्याने खरं तेच सांगायचं. पण आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मुलं हात ठेवत, पेढा खात आणि खेळायला पळत.

यंदा चिठ्ठी मालनची निघाली होती. सहा गावांचे हात आले होते. सगळं मांडवतळ मंडपाभोवती जमलं होतं. पेढ्यांचा पुडा उघडा होता.

“ये बाळा,” डॉक्टर म्हणाल्या.

मालन पुढे आली. “विचारू?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “विचार.”

“शिरटोकला कोण राहतं?”

“कागदावर कुणीच नाही. त्यांना या सात गावांत जागा दिल्याचं दाखवलं आहे.”

“आणि खरं?”

“चौदा घरं. सातही गावांनी त्यांना आत घेतलं नाही, म्हणून ती परत गेली.”

“भांडखोर जात ती!” मागून कुणीतरी ओरडलं. “घेऊन काय करायचं होतं?”

“मी हात ठेवला तर त्यांचं काय होईल?”

“मागच्या वादळाला अर्धी घरं गेली आणि तीन माणसं. हे वादळ त्याहून मोठं आहे.”

“पळून जाऊ देत ना.”

“त्यांच्या मागे खाडी आहे. एवढ्या वाऱ्यात होडी चालत नाही. सकाळी मोठी लाँच पाठवता आली असती. पण ती माणसं उतरवायची कुठे? मी सात गावांना विचारलं. तुझ्या बाबांनाही विचारलं.”

मालनने वडिलांकडे पाहिलं. बाबल दुसरीकडे बघत म्हणाले, “एकदा इली की जायत नाय ती.”

“आणि नाही ठेवला तर?”

“तर लाटा सगळ्यांत वाटल्या जातील. तुझ्या गावाची पहिली ओळ बहुतेक पडेल. होड्या जातील. माणसं आत्तापासून शाळेत चढली तर वाचतील. पण सगळी वाचतील असं मी म्हणणार नाही. ते खरं होणार नाही.”

“आमचं घर पहिल्या ओळीत आहे.”

“मला ठाऊक आहे.”

“तुम्ही असता तर काय केलं असतं?”

“मी लहानपणी पलीकडच्या गावात राहत होते,” डॉक्टर म्हणाल्या. “हात ठेवला होता. पेढा चांगला होता.”

गर्दी पुढे सरकली. “प्रश्नच विचारीत बसतली काय ही?” “चेडवाचो हात धरा नि ठेवा!” एका बाईने खरोखरच तिचं मनगट पकडलं. ती तिची सख्खी काकू होती.

“ओढून ठेवलेला हात यंत्र घेत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. काकूने मनगट सोडलं. सोडताना चिमटा काढायला ती विसरली नाही.

“मालन,” बाबल हळू आवाजात म्हणाले, “आजोबांचो विचार कर गो.”

ती तोच करत होती. इतकी वर्षं कुणी आजोबांना ओट्यावरून हलवलं नव्हतं, कारण हलवायची कधी गरजच पडली नव्हती. शाळेचा चढ चांगला उभा होता.

तिने उजवा हात वर केला. हात जवळ येताच काचेची पाटी हिरवी उजळून वाट बघू लागली. मालनने तळहात उलटा करून पाहिला, जणू त्यावर काही लिहिलं असावं, आणि पाटीला न टेकवताच हात खाली घेऊन ती मंडपातून बाहेर चालू लागली.

कुणी वाट दिली नाही. ती खांद्यांमधून घुसत गेली. मागून शिव्या आल्या. धाकूच्या नावापुढे लागायची तीच शिवी आता तिच्या नावापुढे लागली होती. देवळापुढे पौर्णिमेपासून तसाच पडून असलेल्या ढिगातला एक नारळ कुणीतरी फेकून मारला. तो तिच्या टाचेला लागून पुढे घरंगळला.

मालनने तो उचलून घेतला. ओट्यावर आजोबा बसले होते. त्यांच्या पायरीशी येणारं पाणी आज पहिल्यांदाच आवाज करत होतं. तिने नारळ त्यांच्या मांडीवर ठेवला.

“नीट धरा,” ती म्हणाली. “शाळेत रात्री सगळ्यांना भूक लागेल.”

आणि सगळं गाव ज्या हाताची वाट बघत होतं, तो हात तिने आजोबांच्या काखेत घातला आणि त्यांना उठवू लागली.